तीन घावांची गोलाई

माझं माहेर पूर्ना. टेसनाच्या मागं रेल्वेच्या लायनीत आमचं घर, बाप रेल्वेत गँगवर, हातोडा खांद्यावर टाकून रोज रुळानं चालायचा, आन् गाड्या इतक्या की घरात घड्याळ न्हाई तरी कव्हा आडलं न्हाई, नांदेडकडची गेली की माय तवा ठिवायची आन् परभनीकडची आली की आमी बहिनी शाळंत पळायचो. चवथीपत्तोर शिकले. वाचायला येतं, लिव्हायला थांबून थांबून येतं. पर अक्षराचा नाद मला शाळंनं लावला न्हाई, मालगाडीनं लावला, खरं सांगते. मालगाडी उभी ऱ्हायली की डब्यावरची पांढरी जाड अक्षरं मी बोटानं गिरवत बसायची, वाचायची न्हाई बरं का, निस्ती गिरवायची, आन् बाप लांबून वरडायचा, आगं भवाने, गाडी हालली म्हंजे काय करशील.

मंग गंगाखेडला दिलं. हे, म्हंजे आमचे मालक, पत्र्याचं काम करनारे, मोंढ्याच्या रस्त्याला म्होरं दुकान, मागं घर, मधी येक पडदा. चाळन्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या, गळक्या बादलीला डाग, पडंल ते काम. बापानं लग्नात भांड्याकुंड्याबरूबर काय द्यावं? भंगाराच्या लिलावातनं घेतलेला रुळाचा तुकडा, हातभर लांब. सासरची मान्सं हासली, लोकं जावायाला सोनं देत्यात, ह्यो लोखंड द्यायलाय. पर ह्यांनी त्यो तुकडा उचलून बघितला, खाली ठिवला, त्याच्यावर येक हातोडी मारली, टन्न वाजला, आन् म्हनले, मामा, ह्याच्यापरीस चांगलं मला कोन काय देनार. त्या दिवशी मला ह्यांचा सभाव कळला. त्या रुळावर आमी जलमभर पत्रा सरळ केला.

तर मोंढा, म्हंजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. मोंढ्यात पोतं आलं की त्याच्यावर आडत दुकानाचा मार्का पायजे, न्हाईतर कोनाचं पोतं कोनाच्या थप्पीत जातंय काय मालूम. मार्का मारायला पत्र्याचा साचा लागतो. तेलाचा डबा फाडायचा, रुळावर ठोकून सपाट करायचा, मंग चिंचंच्या ठोकळ्यावर ठिवून छन्नीनं अक्षराएवढा पत्रा कापून काढायचा. भोक पडतं ते अक्षर. साचा पोत्यावर ठिवा, वरून रंगाचा बोळा फिरवा, उचला, नाव उमटलं. सोपं वाटतं ना? मलाबी वाटलं. लग्नानंतर सा महिन्यानं म्या ह्यांच्या माघारी येक व कापला, लय झोकात कापला, आन् उचलला तर व चं पोटच खाली पडलं, हातात निस्तं भगदाड. हे आले, बघितलं, हासू दाबलं, आन् म्हनले, पोट धरायला पत्र्याची बारीक पट्टी सोडावी लागती, अक्षर त्या पट्टीवर टांगलेलं असतं, पट्टीत कंजूषी करू ने. म्हनून आमच्या समद्या अक्षराला मधी मधी फट दिसती, पट्टीखाली रंग जात न्हाई ना.

ह्यांच्या हाताला त्या फटीची अशी सवय लागली की काय सांगू तुमाला. आमच्या लेकीच्या लग्नात म्हनले, स्वागताची पाटी मीच ब्रशनं काढतो, पेंटर कशाला. मांडवाच्या दारातल्या भितीवर हातहात अक्षरं, सुस्वागतम्, लाल भडक. आन् समद्या अक्षरात फटी! साचा न्हाई, पत्रा न्हाई, कशाचं पोट पडायचं भेव न्हाई, तरी फटी. व्याही म्हनले, रंग कमी पडला का काय. हे म्हनले, न्हाई हो, तसं सोडलं न्हाई तर अक्षर गळून पडंल. आता भितीवरनं अक्षर कसं गळंल? समदा मांडव हासला. हेबी हासले, पर फटी काही बुजवल्या न्हाईत, म्हनले ऱ्हाऊ द्या, मला तसंच बरं दिसतं.

मंग ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पयल्यांदा च्याच्या कपात दिसलं, बशी वाजायची. मंग छन्नीत. परभनीला डाक्टरला दाखवलं, त्यानं गोळ्या दिल्या, म्हनला ह्यो कंप हाय, वाढंल, पर हळू वाढंल. त्या साली सोयाबीन निघायच्या तोंडाला साच्याचं काम आलं आन् ह्यांनी येका दुपारी तीन पत्रे वाया घातले, चवथ्याला आंगठा कापून घेतला. जेवले न्हाईत, तिथंच पोत्यावर आडवे झाले. मी बसले, पत्रा घेतला, छन्नी घेतली, आन् त्या आडत दुकानाचं नाव कापलं. उठून ह्यांनी साचा हातात घेतला, उजेडाला धरला, फिरवून फिरवून बघितला, माझा जीव टांगनीला. मंग कानस उचलून माझ्याकडं दिली आन् म्हनले, हितं धार ऱ्हायली, हमालाचा हात कापंल. बस, इतकंच. त्या दिवसापासून साच्याचं काम माझ्याकडं आलं.

आता कारागिराचा हात थरथरतो हे मोंढ्यात कळलं तर काय ऱ्हातं? ज्या मान्साला समदे उस्ताद म्हनत्यात त्याच्याकडं लोकं बिचारा म्हनून बघायला लागले असते, आन् ते मला बघवलं नसतं. माझं नाव होवो न होवो, मला काय करायचंय त्याचं. म्हनून आमी काय केलं बघा, मी पडद्याच्या मागं बसून कापायची आन् हे म्होरं दुकानात बसून रुळावर हातोडी मारायचे, रिकाम्या रुळावर, निस्ता आवाज. मी मारली की हे मारायचे. मी थांबले की हे थांबायचे. रस्त्यानं जानाऱ्याला वाटावं उस्ताद कामात हायेत. कव्हा माझं दूध उतू जायला लागलं की मी उठून जायची आन् हे बिचारे येकटेच ठोकत बसायचे, मंग मी परत बसून दोनदा खाकरायची, की हे आपले ताल धरायचे. दरोडा घालनारेबी इतकं मिळून काम करत नसतील. बारा वरसं असं केलं. येक लेक, येक ल्योक, सून, जावाई, कोनालाच पत्ता न्हाई, लेकरं बाहेरगावी आन् आली तरी चार दिवस, त्या चार दिवसात मी साचा कापायचीच न्हाई.

पर अक्षर बदललं. ह्यांच्यापाशी दोन छन्न्या, येक सपाट, येक गोल. गोल छन्नी फिरवायला मनगटात तालीम लागती, मला ती कव्हाच वळली न्हाई. मंग म्या गोलाईचे तीन तुकडे पाडले. सपाट छन्नीचे तीन घाव, येक आडवा, येक उभा, येक तिरपा, झाली गोलाई. ब घ्या, क घ्या, म चं गाठोडं घ्या, समद्याला कोपरे आले. आन् पट्टी तुटायचं भेव म्हनून पट्टी रुंद, पट्टी रुंद तर अक्षरबी जाड पायजे, न्हाईतर नुसत्या पट्ट्याच दिसतील. तागाच्या पोत्यावर रंग पसरतो, बारीक अक्षर त्यात बुडून जातं, माझं अक्षर थप्पीच्या पार मागून वाचता यायचं. आडते ह्यांना म्हनायचे, उस्ताद, म्हातारपनी तुमचं अक्षर जवान झालंय. हे खाली मान घालून हातोडी पुसायचे. मला पडद्यामागं हासू यायचं, आन् ह्यांची ती खाली गेलेली मान बघून वाईटबी वाटायचं.

मंग अश्विनी आली. आमच्या गल्लीतल्या मास्तराची लेक, पुन्याला अक्षरं काढायचं शिकली, त्याचीबी शाळा असती म्हने, मला तर आधी खरंच वाटलं न्हाई. दिवाळीला घरी आली, बापासंगं मोंढ्यात गेली आन् थप्पीम्होरं उभी ऱ्हायली ती हालंचना. हमाल म्हनला, ताई, सरका, पोतं पडंल. ही आपली मोबाईलमधी फोटोवर फोटो. तिथनं सरळ आमच्या दुकानात आली, ह्यांच्या पाया पडली, म्हनली, काका, असं ठळक, कोपऱ्याकोपऱ्याचं अक्षर म्या कुठंच बघितलं न्हाई, जाड हाय तरी जड वाटत न्हाई, मला ह्याचा फाँट करू द्या. फाँट म्हंजे काम्पुटरवर कोनालाबी ह्याच अक्षरात लिव्हता यावं अशी येवस्था. आन् म्हनली, त्याला तुमचंच नाव देते. हे माझ्याकडं बघायलेत, मी पडद्याकडं बघायलेय. माझ्याच हातचे सात-आठ जुने साचे पिशवीत घालून ती घिऊन गेली.

दोन महिन्यानं परत आली तर मोबाईलवर दाखवायली, हे बघा गुळाच्या पुड्यावर कसं दिसतंय, हे नाटकाच्या पाटीवर, हे पुस्तकावर. मी मागून मान काढून बघायलेय. खरं सांगते, त्या गुळाच्या पुड्यावरचा ग बघून माझ्या आंगावर काटा आला, लेकरू शिकून सायब होऊन घरी यावं तसं वाटलं. तिनं ह्यांना इचारलं, काका, ह्या फटी ठिवू का बुजवू, काम्पुटरवर काही गळून पडत न्हाई. ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हनलं, ठिव गं बाई ठिव, फट काढलीस तर ते दुसऱ्याचं अक्षर होईल. पोरगी माझ्याकडं बघायलीच. मी आपली मान आत घेतली.

पर आडत्यांच्या नावात समदी अक्षरं थोडीच येत्यात. ञ कोनाच्या दुकानाच्या नावात असतो? ढ असतो? अश्विनी म्हनली, दहा-बारा अक्षरं कमी पडायलीत, काका, तेवढी तुमी कापून द्या, मी क्यामेरा घिऊन येते, लोकांना दिसू दे ह्यो हात. मी मागून खुनवायलेय, न्हाई म्हना, न्हाई म्हना. हे म्हनले, ये की, कव्हाबी ये.

ती गेल्यावर म्या ह्यांना धारंवर धरलं. कशाला व्हय म्हनलात? म्हनले, तोंडातून गेलं. मी म्हनलं, मंग ताप आला म्हना, हात मुरगळला म्हना, मी सांगते तिला. न्हाई म्हनले, पोरगी पुन्यावरनं यायली, तिला खोटं सांगायचं न्हाई. वा रे खरं बोलनारे, म्हनलं, बारा वरसं काय करायलोत मंग आपन. आठ दिवस रोज दुपारी दुकानाचं दार लावून हे बसायचे, डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे, छन्नी टेकवायचे. डाव्या हातानं मनगट धरलं तर हातोडी कोन मारनार, मंग मला म्हनायचे तू मार, मी हातोडी मारायची आन् छन्नी सटकून ह्यांच्याच बोटावर. रोज बोटाला येक चिंधी वाढायली. मला फाँट नको व्हता, नाव नको व्हतं, मला येवढंच पायजे व्हतं की चार मान्सांम्होरं ह्यांची मान खाली जाऊ ने.

त्यो दिवस उजाडला. अश्विनी, तिची क्यामेरावाली मैत्रीन, मास्तर, दोन आडते, लक्ष्मन हमाल, आन् मोंढ्यातले बघे, दुकानाम्होरं ही गर्दी. हे दाढी करून, धुतलेला सदरा घालून ठोकळ्याम्होरं बसले. ह्यांनी पत्रा ठिवला, छन्नी टेकवली, आन् छन्नी पत्र्यावर नाचायला लागली, टिक टिक टिक टिक. अश्विनी म्हनली, काका, सावकाश, घाई न्हाई. दुसऱ्यांदा टेकवली, तेच. तिसऱ्यांदा, तेच. ह्यांच्या कपाळावरनं घाम गळायला लागला, मला काय ते बघवंना. मी काय केलं, पडद्यातनं हात घातला आन् फळीवर रचलेले नवे डबे दिले ढकलून. धाडधाड समदे डबे खाली, दोन तर घरंगळत पार रस्त्यावर, लोकं दचकले, लक्ष्मन डब्याच्या मागं पळाला. म्हनलं ह्या गोंधळात मोडंल समदं, हे उठतील, च्यापानी होईल, येळ निघून जाईल.

हे उठले न्हाईत. छन्नी खाली ठिवली. अश्विनीला म्हनले, क्यामेरा चालू हाय का, चालूच ऱ्हाऊ दे. आन् म्हनले, पोरी, ह्यो हात बारा वरसं झाले साचा कापंना. तू नेलंस ते अक्षर माझं न्हाई. माझं अक्षर इतकं चांगलं कव्हाच नव्हतं. ते द्रुपदाचं हाय.

द्रुपदा म्हंजे मी. आता कसं सांगू तुमाला, आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत न्हाई. लग्नात मागं लागून घ्यायला लावत्यात तेवढंच, मंग जलमभर आगं ए, ऐकलं का, न्हाईतर लेकराची माय. सासू सूनबाई म्हनायची, लेकरं आई, गल्ली काकू. मला द्रुपदा म्हननारे दोनच मान्सं, माय आन् बाप, ते कव्हाच गेले. त्यामुळं ह्यांनी नाव घेतलं तर मला घडीभर वाटलं, ही द्रुपदा कोन. मंग उजेड पडला. मी पडदा तोंडात कोंबून रडले, तरी आवाज गेला असंल बाहीर.

ये म्होरं, म्हनले. पदर डोईवर घिऊन आले तर हे जागेवरनं सरकले आन् मला ठोकळ्यापुढं बसवलं, त्यांच्या जागेवर. ञ कसा असतो ते मला ठाव नव्हतं, अश्विनीनं कागदावर काढून दाखवला. इतके लोक कव्हा माझ्याकडं बघत बसले व्हते? हे बाजूला बसून बोटानं दाखवायलेत, हितं पट्टी सोड, हितं घाव घाल, घाई करू नको. कापला. उचलला. पोट पडलं न्हाई. आडते तोंड उघडं टाकून उभे, आन् लक्ष्मन दोन डबे काखंत धरून म्हनतो कसा, काकू, रुळाची टनटन येगळी आन् छन्नीची ठकठक येगळी, आमी हमाल हाव, बहिरे न्हाई. बघा आता. बारा वरसं त्याला मालूम, आन् बाबानं कोनाला कळू दिलं न्हाई. असं मोंढ्यातलं मानूस असतं.

समदे गेल्यावर मला राग आला, लय राग आला. मी म्हनलं, इतकी वरसं म्या झाकलं आन् तुमी येका मिनिटात उघडं केलं, वरून चार मान्सात माझं नाव घेतलं, लाज न्हाई वाटली? हे भितीला टेकून बसले व्हते, थकले व्हते. म्हनले, हात तर गेला, आता तोंडानं तरी येखादं चांगलं काम करू दे. मी उठून च्या टाकला.

फाँटाचं नाव द्रुपदाच ठिवलं. मी नको म्हनलं, ह्यांचं ठिव म्हनलं, दोघांनीबी ऐकलं न्हाई. आता ते अक्षर कुठं कुठं गेलंय, मी काय समदं बघितलं न्हाई, अश्विनी फोनवर दाखवती. पुन्यात येका खानावळीची पाटी, लोनच्याच्या बरन्या, माझ्या बहिनीच्या नातीची लग्नपत्रिका, नावं तेवढी माझ्या अक्षरात. अश्विनी म्हनती, काकू, बारीक मजकूर लिव्हायला हे चालत न्हाई, येक-दोन शब्द, मोठे, लांबून वाचायचे, तिथं ह्याला तोड न्हाई. म्हनलं बरूबर हाय, त्याला पोत्याची सवय हाय. परवा पूर्नेच्या गाडीत येक पोरगा, छातीवर ह्या येवढ्या अक्षरात काहीतरी लिव्हलेला बनेन घातलेला, म्या ते तीन घाव वळखले ना. लय वाटलं त्याला सांगावं, बाबा, ह्यो क माझा हाय, पर म्हनलं येडी समजंल, आन् परभनीपत्तोर त्याच्या छातीकडंच बघत ऱ्हायले, पोरगं बिचारं अवघडलं.

मोंढ्यात आता निम्मी पोती छापूनच येत्यात, साच्याचं काम वरसाला चार-दोन, आलं तर करते, न्हाई आलं तर न्हाई. खंत न्हाई. त्या पोरीला देव लय आवक्ष देवो, तिच्या हाताला कव्हा कंप न येवो, इतकंच माझं म्हननं. हे आता कपबी धरत न्हाईत, मीच पाजते. पर तोंड चालू हाय. नाव घ्यायची अशी सवय लागली बघा, दिवसातून धा येळा, द्रुपदा च्या, द्रुपदा चष्मा कुठंय, द्रुपदा दारात कोन आलंय. शेजारनी पदर तोंडाला लावून हासत्यात. आधी मी डोळे वटारायची. आता घडीभर हाक आली न्हाई तर हातातलं टाकून मीच बाहीर येते, बघते, डोळा लागला असला तर तिथंच बसून ऱ्हाते, उठून हाक मारीपत्तोर. लिव्हलं का तुमी समदं? थांबा जरा, आली हाक. आले हो, आले.